मिठातले तांबडे

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी टेबलावर कागद. आमची प्रयोगशाळा मार्चअखेर रिकामी करून द्यावी, तिथे 'उद्योजकता कक्ष' होणार. डीप फ्रीजरची देखभाल यापुढे विद्यापीठ करणार नाही, 'निधीअभावी'. खाली उपकेंद्राच्या संचालकांची सही, शिक्का, सगळं कसं व्यवस्थित.

निधीअभावी म्हणे. गेल्या महिन्यात खाली स्वागतकक्षात नवे सोफे आले, ते कशाच्या अभावी आले?

फ्रीजरमध्ये काय आहे हे या माणसाला चांगलं ठाऊक आहे. वसईपासून विरारपर्यंतच्या मिठागरांतून मी आणि माझ्याआधी माझ्या सरांनी गोळा केलेले तांबडे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव. इतक्या कडक मिठात दुसरं काही जगत नाही, हे जगतात, आणि वाढले की पाणी तांबडं करतात. कागदोपत्री लांबलचक लॅटिन नावं आहेत, निम्म्यांना अजून नावच नाही. त्यातली कितीतरी मिठागरं आज टॉवरखाली आहेत. तिथले तांबडे जगात कुठे उरले असतील तर या विरारच्या फ्रीजरात.

दिवसभर डोक्यात नुसती तिडीक.

३ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुज्या किड्यांना कोन इकत घेनार गो शैले?"

किडे नाहीत ते, हे मी तिला माझ्या पीएच.डी.पासून सांगतेय. तिच्या लेखी मी नायगावची, मिठागरावर टोपल्या वाहिलेल्या बाईची पोर, शिकून शिकून किडे पाळायला लागले.

प्रकाश म्हणाला, संचालकांना शांतपणे भेट. शांतपणे! लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस अजून आशेवर आहे.

१० फेब्रुवारी

प्रयोगशाळेचं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे बोलावलं. पाच स्लाइड्स, दहा मिनिटं, विषय 'समाजाला थेट उपयोग'.

चार स्लाइड्स नीट दाखवल्या. पाचवीवर मीच अडले. उपयोगाची स्लाइड करायला बसले होते, पण काही केल्या हात चालेना. म्हणजे लिहिता आलं असतं हो. औषध, एन्झाइम, अमुक, तमुक. सगळे लिहितात. पण यातलं काय निघेल ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणूनच तर विद्यापीठ लागतं. माहीत असतं तर दुकान काढलं असतं.

हे असंच्या असं बोलले. एक बाहेरचे सदस्य हसून म्हणाले, "मॅडम, करदात्याला हिशेब द्यावा लागतो."

म्हटलं, करदात्याची ओळख मला करून देऊ नका. माझा बाप मिठागरावर मजूर होता. माझी बी.एस्सी., एम.एस्सी. या राज्यातल्या लोकांच्या पैशावर झाली, त्यांनी मला विचारलं नाही की बाई तुझा थेट उपयोग काय. तुम्हाला उपयोग बघायचाय ना? मी उभी आहे समोर, बघा.

बाहेर आल्यावर संचालक हळूच म्हणाले, "मॅडम, सरकारकडून पगारापुरतं येतं. वीज, डागडुजी, सगळं आम्ही उभं करायचं. मी कुठून आणू?" हा माणूस एके काळी चांगलं संशोधन करायचा. त्याच्याकडे बघून मला राग येतो आणि वाईटही वाटतं, आणि वाईट वाटलं की आणखी राग येतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

क्लाराला घेऊन नायगावला. क्लारा माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, पाचूबंदरची, आई सुकी मासळी विकते. हिची फेलोशिप कधीची अडकलीय, विरारला शिकवण्या घेऊन भागवते, पण नमुने आणायला म्हटलं की सगळ्यात आधी हजर.

एकच मिठाचं आगर चालू सापडलं. बाकी भराव, पत्रे, आणि पत्र्यांवर टॉवरची चित्रं. चित्रात निळं पाणी आणि पाण्यात होडी. तिथे कसलं निळं पाणी आलंय? माझ्या लहानपणी मार्च-एप्रिलमध्ये तिथलं पाणी गुलाबी व्हायचं. बाबा ज्या आगरावर होते ते नेमकं कुठे होतं हे मलाही आता दाखवता येईना. क्लारा म्हणाली, "मॅडम, त्या पार्किंगच्या आसपास असेल." असेल.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. क्ला. घरी आली होती. मी फ्रीजरचं रडगाणं गात होते. कोणाला फोन करू, कोण ठेवून घेईल.

ती चहात पाव बुडवत म्हणाली, "पण मॅडम, यांना फ्रीजर हवाच कशाला? हे मिठातच राहतात ना?"

अरे देवा. वाचलेलं होतं, शिकवलेलंही होतं. खारं पाणी आटून खडा बनताना आत पाण्याचे बारीक थेंब अडकतात, त्यात हे झोपून राहतात. वर्षानुवर्षं. वीज नको, निधी नको, संचालक नको. कधी केलं नाही, कारण फ्रीजर होता.

आजच ठरवलं. फ्रीजरातला एकेक तांबडा वाढवायचा, कडक खाऱ्या पाण्यात घालायचा, ते पाणी आटवायचं. आटवायला उपकेंद्राची गच्ची मिळणार नाही, अर्ज करावा लागेल. वसईच्या एव्हरशाईनमधली माझी घरची बाल्कनी आहे की. दुपारभर रणरणतं ऊन येतं.

क्ला.ला मिठी मारली. ती बिचारी कपबशी सांभाळत राहिली.

२८ फेब्रुवारी

बाल्कनीत काचेच्या बशा, वर मलमल. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत खडे भरून ठेवतेय, प्रत्येकीवर आगराचं नाव. बाबांच्या आगरावरचे तांबडेही झाले, ती बरणी मुद्दाम पुढे ठेवली. आई येता-जाता बघते, कपडे कुठे वाळत घालायचे एवढंच विचारते.

आज क्ला.च्या आईने बांगडे पाठवले. आई खूश.

ऑफिसात संचालकांनी नवीनच काढलं. एका कंपनीला सगळा संग्रह हवाय. जागा त्यांची, खर्च त्यांचा, मालकीही त्यांची. विद्यापीठाला देणगी मिळेल. "सगळ्यांचे प्रश्न सुटतात," म्हणाले.

लोकांच्या जमिनीतून, लोकांच्या पैशाने जमवलेलं. पुढच्या वर्षी माझ्याच विद्यार्थ्याला एक नळी लागली तर कंपनीच्या दारात उभं राहायचं? नाही म्हणून सांगितलं. विचार करा, म्हणाले. केला, म्हटलं.

५ मार्च

होळीच्या सुट्टीनंतर दार उघडलं तर फ्रीजरखाली पाणी.

मेन स्विच बंद. कोणी केला? सगळ्यांनी कानावर हात. 'वीजबचतीसाठी असेल.' आतलं सगळं वितळून कोमट. नळ्या हातात घेऊन मी नि क्ला. नुसत्या उभ्या. ती रडली. मी शिव्या दिल्या, मोठ्याने, कॉरिडॉरभर ऐकू जातील अशा.

आता बाल्कनीतल्या बरण्या हाच संग्रह.

६ मार्च

नळ्यांत कोणी वाचलंय का बघू म्हणून लवकर गेले, तर खोलीला कुलूप. 'सुरक्षेच्या कारणास्तव.' नळ्या आत, उबवणी यंत्र आत, भिंगं आत. मार्चअखेर म्हणाले होते ना?

म्हणजे खड्यांतले तांबडे जिवंत आहेत का हे तपासायची सोयच नाही. जवळच्या कॉलेजात मैत्रीण आहे, तिने हात वर केले. प्राचार्यांची परवानगी, मग समिती, मग जून. बरण्या बघत बसलेय. आत जीव आहे की नुसतंच मीठ, कोण सांगणार?

१४ मार्च

क्लाराशी भांडण. लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

तिला त्या कंपनीकडून नोकरीचं विचारलंय. संग्रहाबरोबर संग्रह ओळखणारं माणूसही हवंय त्यांना. ती म्हणाली, मॅडम, समितीला उपयोग सांगा ना. आमच्याकडे खारवलेली मासळी लाल पडते, ती या तांबड्यांमुळेच. आईचा कितीतरी माल त्यात जातो. यावर काम करू असं म्हणा, संग्रह विद्यापीठातच राहील.

मी म्हटलं, खरं आहे, पण उपयोगाच्या दारातून आत गेलं की ज्यांचा उपयोग सापडलेला नाही ते बाहेरच राहतात. मासळी लाल करणारे चार ठेवतील, बाकीचे मोरीत.

ती म्हणाली, "तुमची नोकरी पक्की आहे मॅडम. हा हट्ट तुम्हाला परवडतो. मला नाही परवडत."

मी बोलू नये ते बोलले. 'मग जा कंपनीत.' गेली. जिना उतरतानाचा आवाज येत होता, मी दार लावून घेतलं. माझं चुकलं, पण म्हणणं चुकलेलं नाही. दोन्ही एकदम कसं निस्तरायचं?

२२ मार्च, रविवार

आज काय झालं ते सुचेल तसं लिहिते.

स्वयंपाकघरातून आईची हाक. "शैले, ह्ये बग काय झालंय." तिने खारवून ठेवलेले बांगडे. झाकण काढलं तर वास, आणि मासळीवर चिकट, लालभडक थर. आई कपाळाला हात लावून बसलेली. एवढी चांगली मासळी वाया गेली.

मीठ कुठलं वापरलंस? पिशवीतलं?

"पाकिटाचं मीठ बांगड्याला लागत नाय. त्या बरनीतलं घेतलं. तुज्या बापाच्या आगराचं नाव होतं तिच्यावर. घरान आपल्या आगराचं मीठ असताना मी दुसरं कशाला वापरू?"

मला आधी ओरडायचं होतं. बरणी पाव रिकामी! मग डोक्यात प्रकाश पडला, आणि मी खाली फरशीवरच बसले. लाल. लाल आलंय. खड्यात झोपलेले तांबडे मासळीवर उठून बसले होते. बाबांच्या आगरावरचे. ज्याच्यावर आज पार्किंग आहे तिथले.

आईला गच्च धरून रडले. ती म्हणत राहिली, "अगो, बांगडे टाकायचे की नाय?" टाकायचे नाहीत. प्र.ला नाक धरून डब्यावर घट्ट झाकण लावायला लावलं. तो म्हणाला, हे घरात राहणार असेल तर मी नाही राहणार. म्हटलं, एक दिवस कळ काढ.

क्ला.ला फोन केला. उचलला नाही. मेसेज टाकला, "जिवंत आहेत. माझं त्या दिवशी चुकलं." बघितलाय असं दिसतंय.

२३ मार्च

समितीत डबा उघडला.

बाहेरचे सदस्य खुर्चीसकट मागे. संचालकांनी रुमाल काढला. मी म्हटलं, घाबरू नका, हा वास तुमच्याच विद्यापीठाच्या संशोधनाचा आहे. फ्रीजर तुम्ही बंद केलात, खोलीला कुलूप लावलंत, आणि हे बघा. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात जिवंत आहेत. एका आगराचे नक्की, म्हणजे बाकीचेही असणार. कुलूप काढा, आठवड्यात सगळे दाखवते.

आणि हो, उपयोगही सांगितला. पाचूबंदर-अर्नाळ्याच्या बायकांची मासळी लाल पडते, ती याने. हे क्लाराचं म्हणणं आहे असं नाव घेऊन सांगितलं. पण हेही म्हणाले की हा शेवटचा उपयोग नाही आणि बाकीच्यांचं भाडं मासळी लाल करणाऱ्या चौघांनी भरायचं नाही.

संचालक डब्यात वाकून बघत होते. रुमाल कधी खाली गेला त्यांनाही कळलं नाही. "इतक्या दिवसांत? साध्या तापमानाला?" जुना संशोधक क्षणभर जागा झाला. मी जिंकल्यासारखी घरी आले. आईला जिलेबी नेली.

२७ मार्च

जिलेबी लवकर झाली.

समितीचा निर्णय. संग्रह 'जिवंत, मौल्यवान व कमी खर्चात टिकणारा' असल्याचं सिद्ध झाल्याने कंपनीशी करार त्वरित करावा. बरण्या एप्रिलच्या मध्यापर्यंत ऑफिसात जमा करा.

माझ्याच हाताने पायावर धोंडा. फ्रीजर लागत नाही म्हटल्यावर कंपनीला तर आणखीच सोन्याचं अंडं झालं. आणि मीच ते अंडं डब्यात घालून नेलं, वर भाषण ठोकलं.

दिवसभर जेवले नाही. आई म्हणाली, "दे ना त्यांना. मीठच हाय. आमच्या आगरावरनं कोनीपन मूठभर न्यायचा, कोनी इचारायचा नाय."

कोणीपण मूठभर न्यायचा.

३० मार्च

विद्यापीठं एकमेकांना असे नमुने फुकट देतात. माझ्या सरांना दक्षिणेतल्या एका प्राध्यापकांनी नळ्या पाठवल्या होत्या, पोस्टाने, सोबत दोन ओळी. त्यांचे आभार मानायचे तर पुढे कोणाला तरी द्यायचे, एवढीच रीत. कोणी मालक नव्हतं. त्या रीतीवर माझं सगळं शिक्षण उभं आहे.

मग मीही देते. प्रत्येक बरणीतली चिमूट, प्रत्येक आगराचं पाकीट. जिथे जिथे सरकारी विद्यापीठात हा विषय आहे तिथे तिथे. मागणी यायची वाट बघत नाही. एकदा सगळ्यांकडे गेलं की एकट्याचं कोण करणार?

प्र. म्हणाला, नोकरीवर येईल. म्हटलं, येऊ दे. तो उठून लिफाफे आणायला गेला. या माणसाशी लग्न केलं ते बरं केलं.

क्ला.ला यातलं काही कळवायचं नाही. तिचं पीएच.डी. विद्यापीठाच्या हातात आहे.

४ एप्रिल

वसईच्या पोस्टात काउंटरवरची बाई, "यात काय आहे?" मीठ. "मीठ? इतक्या लांब? तिकडे मिळत नाही का?" म्हटलं, हे नाही मिळत.

आई पाकिटं भरते. चिमूट मोजून नाही, अंदाजाने, पण हात बसलाय. स्वयंपाकघरात चमचा नेलास तर बघ, एवढंच बजावलंय. ती म्हणते, एकदा चुकलं म्हनून जल्मभर काय? मजेत आहे म्हातारी.

क्ला.च्या घरून ईस्टरचं गोडधोड येतं दर वर्षी. उद्या ईस्टर. या वर्षी येईल असं वाटत नाही.

१५ एप्रिल

बरण्या जमा केल्या. सगळ्या, नावांसकट, हसतमुखाने. संचालकांना संशय आला असावा. "मॅडम, एवढ्या शांत?" म्हटलं, नवरा कधीचा सांगतोय शांत राहा म्हणून.

कंपनीचा तरुण माणूस आला होता. बरणी उन्हात धरून बघत होता. छान पोरगा, त्याच्यावर माझा राग नाही. पगार त्याला विद्यापीठाने दिला असता तर तोही आमच्यातच असता.

२४ एप्रिल

कारणे दाखवा नोटीस. विद्यापीठाची मालमत्ता विनापरवानगी बाहेर का पाठवली, कंपनीने करार थांबवला आहे, आपल्यावर कारवाई का करू नये. उत्तर सोमवारपर्यंत.

म्हणजे पोचलं. करार थांबला! भीती वाटली, हो. या वयात नोकरी गेली तर दुसरी कोण देणार?

एक कळेना. नोटिशीत म्हटलंय की काही पाकिटं अर्नाळा पोस्टातून गेली. मी अर्नाळ्याला गेलेच नाही. प्र.ही नाही. आईला विचारलं तर ती देवापुढे वात लावायला उठली, भरदुपारी.

२६ एप्रिल, रविवार

क्लारा आली. हातात केळफूल आणि तोंडावर काही नाही.

"अर्नाळ्याची पाकिटं माझी."

तिला कोणी सांगितलं? आईने. फोन करून बोलावलं, मी ऑफिसात असताना, आणि निम्म्या पाकिटांची पिशवी हातात दिली. का? आई आतून म्हणाली, "तू येकटी किती पोष्टात उबी रानार? तिला म्हाईत नको व्हय? तिचेबी हायेत ते."

क्लाराला विचारलं, पाठवणाऱ्याच्या जागी कोणाचं नाव घातलंस?

"माझं. खालच्या बाजूला पत्ता, पाचूबंदरचा. दुसऱ्या कोणाचं घालणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वेडी आहेस का? कंपनी नोकरी देईना होईल, विद्यापीठ पीएच.डी. अडवेल, गाईड म्हणून मी तुला वाचवू शकणार नाही, कारण मीच उरणार नाही. तासभर बोलले. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, कंपनीचं नोकरीचं पत्र आधीच आलंय, मंगळवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. आणि ते कळवायच्या आधी तिला नोटिशीच्या उत्तरावर सही करायचीय.

नाही म्हटलं. हे माझं काम, माझी सही. पाकिटं मी पाठवली असंच लिहिते, तुझं नाव येत नाही.

"पण खोटं होईल ना ते, मॅडम."

उत्तर लिहून झालंय. पाठवली, कारण ती लोकांची आहेत. परत मागू नयेत, मिळणार नाहीत. कारवाई करायची ती करावी, आम्ही पुढच्या मोसमात पुन्हा आगरावर जाणार आहोत, जिथे आगर उरलं असेल तिथे. खाली सहीसाठी जागा सोडलीय. पेन टेबलावर आहे. क्ला. आत आईजवळ केळफूल सोलत बसलीय, मी दोनदा सांगितलं घरी जा म्हणून. जात नाहीये.